जॉन हर्ट: दोन आवाज आणि एक अंगठा

तुम्ही विचारलंय की मिसिसिपी जॉन हर्ट या अमेरिकन गायक-गिटारवादकाचं ‘फ्रँकी’ हे गाणं दोन वेगळ्या आवाजांत सापडलं, त्यातलं कुठलं धरायचं. आणि हा ब्लूजवाला, तर याच्या गाण्यात आकांत कसा नाही? शेवटी हळूच जोडलंय, की याच्यासारखं वाजवायला गेलं की अंगठा बोटांमागे फरफटतो. खरं दुखणं तिसरंच दिसतंय, पण क्रमाने येतो.

दोन्ही धरा. पहिलं १९२८चं, पस्तिशीतल्या शेतमजुराचं. दुसरं त्याच माणसाचं, सत्तरीतलं. मधल्या जवळपास पस्तीस वर्षांत त्याने एकही नवं गाणं रेकॉर्ड केलं नाही.

हर्ट मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉन नावाच्या वस्तीत राहायचा. तिथलाच एक गोरा फिडलवाला, विली नार्मर, ‘ओके’ नावाच्या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्ड करणार होता. त्याने कंपनीच्या टॉमी रॉकवेलला सांगितलं, आमच्याकडे एक जॉन हर्ट आहे, ऐकून बघा. १४ फेब्रुवारी १९२८ला मेम्फिसमध्ये त्याची आठ गाणी घेतली आणि बाजारात आणली दोन. त्या दिवसाबद्दल हर्टने पुढे सांगितलेलं फार बोलकं आहे: भलामोठा हॉल, आत जेमतेम तीन माणसं, मायक्रोफोन थेट तोंडाशी, आणि एकदा जागा ठरली की डोकं जराही हलवायचं नाही अशी ताकीद. घाबरलेला तर होताच. मान पुढे कित्येक दिवस दुखत राहिली. हे लक्षात ठेवून ‘फ्रँकी’ परत लावा. गाणं नुसतं सुसाट पळतंय, आणि वाजवणारा मान आखडून बसलाय!

डिसेंबरात त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. २१ आणि २८ तारखेला रेकॉर्डिंग झालं. ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’, ‘लुई कॉलिन्स’, ‘कँडी मॅन’, सगळी या दोन दिवसांतली. त्यातच एक ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’. त्यात तो म्हणतो की अ‍ॅव्हलॉन माझं गाव, सारखं मनात असतं. ही ओळ बाजूला ठेवा, पुढे लागणार आहे. मेम्फिसची दोन धरून आज आपल्याला १९२८ची तेरा गाणी ऐकता येतात. तेव्हा ती फारशी खपली नाहीत, मग मंदी आली, आणि हर्ट मुकाट्याने शेतीवर परतला.

१९५२ साली हॅरी स्मिथने जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांमधून ८४ गाणी निवडून फोकवेज या रेकॉर्ड कंपनीसाठी संग्रह काढला. त्यात हर्टची दोन होती. न्यूयॉर्क-बॉस्टनकडची पोरं ती ऐकून वेडी झाली. माणूस जिवंत असेल असं फारसं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मग ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ची टेप वॉशिंग्टनकडच्या टॉम हॉस्किन्स या ब्लूजवेड्याच्या हाती आली आणि त्याने ती ओळ पत्त्यासारखी वाचली. चालू नकाशांत अ‍ॅव्हलॉन नव्हतं. १८७८च्या अ‍ॅटलासमध्ये निघालं. १९६३च्या वसंतात तो तिथे पोचला, दुकानात चौकशी केली, तर लोकांनी सरळ घर दाखवलं. हर्टला वाटलं, सरकारी माणूस पकडायलाच आला! त्याच्याकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती. हॉस्किन्सने आपली दिली. त्याच जुलैत तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हॅट घालून, खुर्चीवर बसून शांतपणे गात होता.

आता आकांताचं. मिसिसिपी म्हटलं की आपल्या डोक्यात चार्ली पॅटन, सन हाउस हे डेल्टाचे, म्हणजे तिथल्या सपाट नदीकाठच्या मुलखातले ब्लूजवाले येतात. घोगरा आवाज, तारांवर प्रहार. अ‍ॅव्हलॉन डेल्टाच्या अगदी कडेला आहे, जिथे सपाटी संपून टेकड्या सुरू होतात, आणि हर्टचं संगीतही तसंच कडेचं. गिटार तो आपली आपणच शिकला आणि गावातल्या नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा. त्याच्या पोतडीत खुनाच्या कथा, भजनं, रेल्वेवरच्या मजुरांची गाणी, चावट गाणी, सगळं होतं. बारा बारचा (ट्वेल्व्ह-बार) ठरीव साच्यातला ब्लूज त्यातला एक कप्पा. ‘लुई कॉलिन्स’मध्ये माणूस गोळी लागून मेलाय, आणि हर्ट ते पाळणा म्हणावा तसं गातो. मला तरी ते किंचाळण्यापेक्षा जास्त लागतं. तुमचं मत वेगळं असू शकेल.

ऐकण्याचा क्रम: आधी ती तेरा गाणी. मग १९६३ची लायब्ररी ऑफ काँग्रेसची रेकॉर्डिंग्ज, त्यानंतर व्हॅनगार्ड कंपनीचा ‘टुडे!’ हा अल्बम. ‘द बेस्ट ऑफ’ या अल्बमच्या नावाने फसू नका, ती निवडक गाणी नाहीत. ओबरलिन कॉलेजातली १९६५ची अख्खी मैफल आहे, आणि उत्तम आहे. उत्तरायुष्यातला हर्ट संथ झाला, हे खरं. पण त्या संथपणात सूर सुटे सुटे ऐकू येतात, म्हणून शिकणाऱ्याने त्यालाच धरावं. नोव्हेंबर १९६६मध्ये तो गेला. दुसरी खेळी जेमतेम साडेतीन वर्षांची.

प्रभावाची यादी कंटाळवाणी होते, दोनच सांगतो. ‘लव्हिन स्पूनफुल’ या बँडचं नाव त्याच्या ‘कॉफी ब्लूज’मधल्या शब्दांवरून आलं. आणि जॉन फेही, जो गातच नसे, नुसती गिटार वाजवायचा, त्याने हर्ट गेल्यावर त्याच्यासाठी एक रचना केली. उरलेला प्रभाव फिंगरस्टाइल (बोटांनी तारा छेडून गिटार वाजवणं) शिकवणाऱ्या प्रत्येक शिकवणीत भेटेल.

म्हणजे अंगठा. हर्ट नखी वापरत नसे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, आणि उरलेली दोन गिटारच्या फळीवर टेकलेली. अंगठा हा ठेका आहे. तबलजी गायकाची तान ऐकून लय बदलत नाही, तसा. माझं स्वतःचं दोन महिने हेच चुकलं: मी बोटांनी चाल वाजवायचो आणि अंगठा जमेल तिथे घुसवायचो. शेवटी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “याला पाय आहेत, पण चालता येत नाही.” तिने गिटार कधी हातात धरलेली नाही.

तुम्ही असं करा. सी कॉर्ड धरा, अंगठ्याने पाचवी तार, चौथी तार, पाचवी, चौथी. बाकी काही नाही. आठवडाभर हेच, टीव्ही बघत, फोनवर बोलत. बोलताना अंगठा अडखळला तर तो अजून तयार नाही. मग अंगठ्याच्या ठोक्यावरच मधल्या बोटाने एक सूर उचला. तो पक्का झाला की तोच सूर दोन ठोक्यांच्या मध्ये टाका. अंगठा इथेच थांबतो, सगळ्यांचा थांबतो. थांबला की सूर सोडा, अंगठा सोडू नका. ‘लुई कॉलिन्स’ याच सी कॉर्डच्या आकारात आहे, त्यामुळे पहिलं गाणं तेच घ्या. ‘फ्रँकी’ला इतक्यात हात लावू नका, आणि १९२८च्या वेगात तर मुळीच नाही.