मे महिन्यात चिरली, जुलैत अडकली: लाकडी फोर्डची चाकं

प्रश्न: दादा नमस्कार, मी नागपूरच्या महाल भागात राहतो, रिटायर्ड आहे. नातवाला यंदा तान्ह्या पोळ्याला (लहान पोरांचा पोळा) लाकडी बैलासोबत लाकडी मोटार पण पाहिजे, आणि तीही जुनी फोर्ड टी, कारण आमच्या घरी आजोबांचा तसल्या गाडीजवळ उभा असलेला फोटो आहे. उन्हाळ्यात अंगणातल्या कडुलिंबाची फांदी छाटली होती, तिच्याच गोल चकत्या कापून चाकं केली तर मे संपेपर्यंत चारातली तीन चिरली. मग सागवानाची केली, ती आता पावसात एक्सलवर, म्हणजे मधल्या दांडीवर, फिरूनच नाही राहिली. लाकूडच खराब मिळालं का? आणि मापं काय धरायची?

उत्तर: काका, लाकूड खराब नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फांदीची चकती दिसायला आयतं चाक वाटते पण ती चिरतेच, कारण लाकूड वाळताना गोलाईच्या दिशेनं जेवढं आखडतं ते केंद्राकडच्या दिशेच्या जवळपास दीडपट-दुप्पट असतं, म्हणजे बाहेरचा घेर लहान व्हायला पाहतो आणि आतला भाग त्याला जागा देत नाही, मग एक चीर थेट मधापर्यंत जाते. त्यात ओली फांदी आणि नागपूरचा मे महिना, ४५ डिग्री, हवा एकदम कोरडी. माझीही पहिली चाकं अशीच गेली होती, बाभळीची, आणि लय वाईट वाटलं होतं, म्हणून हे जरा लांबवून लिहितो.

चाक नेहमी फळीतून कापा, रेषे चाकाच्या तोंडावर आडवे दिसले पाहिजेत. लाकडगंजात आरा मशीनवर सागवानाचे, शिवणीचे कटपीस मिळतात, ते आणून घरात निदान एक-दोन महिने पडू द्या, पण कूलरच्या समोर नको. बॉडीला शिवण घ्या, हलकी असते, पटाशीला सोपी जाते आणि फारशी वाकत नाही. खालच्या चासीसाठी, म्हणजे गाडीच्या सांगाड्यासाठी, १२ एमएम सागवान बरा.

आता अडकण्याचं. तुम्ही चाक मोकळं आणि एक्सल पक्का ठेवला असेल, आणि दांडी ६ एमएमची, भोकही ६चं, बरोबर? पावसाळ्यात दांडी फुगते आणि ती सगळीकडून सारखी फुगत नाही, गोलाईच्या दिशेनं जास्त, म्हणून जरा लंबगोल होते, भोकाचंही तसंच होतं, आणि दोन लंबगोल एकमेकांत धरून बसतात. उलटं करा. चाक दांडीला फेविकॉलनं पक्कं चिकटवा आणि दांडी चासीतल्या ७ एमएमच्या भोकात मोकळी फिरू द्या. एक एमएम फट उन्हाळ्यात ढिली वाटेल, वाटू द्या, ती जुलैसाठी आहे! भोकात मेणबत्ती घासा, तेल टाकू नका, तेलानं लाकूड काळं पडतं आणि धूळ धरतं. आणि चिकटवताना फेविकॉल आत ओघळला तर सगळी मेहनत वाया, म्हणून चाक आणि चासी यांच्या मधात मेण लावलेल्या कागदाचा वायसर ठेवा, सुकलं की काढून घ्या.

मापाला १:१६ धरा, म्हणजे खऱ्या गाडीचा सोळावा भाग, हिशोब सोपा जातो. खऱ्या टीच्या पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर १०० इंच, म्हणजे तुमच्याकडे सव्वासहा इंच. दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर ५६ इंच, ते झालं साडेतीन. टायरचा व्यास ३० इंच, तो साधारण ४८ एमएम. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) घेताना एक गोष्ट पाहा, त्यावरचा आकडा भोकाचा असतो, आतून निघणारी चकती त्याहून ५-६ एमएम लहान निघते, त्यामुळे ५४चा घ्या.

टीची खरी शान तिच्या चाकातच आहे, लाकडी आरे, एका चाकाला १२. ते फळीतून कोरायला जाऊ नका, जे आरे रेषांना आडवे येतात ते बोटानं मोडतात. चांगल्या ६ एमएम प्लायची रिंग काढा, टायरची जाडीही या मापात तेवढीच येते, मधात सागवानाचा तुंबा (चाकाचा मधला गोल ठोकळा) ठेवा, त्याच्या घेरावर दर ३० अंशांवर खूण करून बारीक भोकं पाडा आणि बांबूच्या काड्या बसवा. काड्या आधी एक एमएम लांबच कापा मग कानशीनं घासत आणा, घाई केली की रिंग तिरपी होते. एका चाकाला अख्खी संध्याकाळ जाते, पण नातू हात लावेल तो पहिले चाकालाच. बैलाच्या बाजूला दोरी बांधून ओढायची असेल तर हूक समोरच्या एक्सलच्या थोडा वर लावा.

प्रश्न: माझी मुलगी दोन वर्षांची आहे, सगळं तोंडात घालते. काळा ऑइल पेंट मारला तर चालेल का? (मनीषनगर)

उत्तर: ताई, घरात पडलेला जुना डबा तर अजिबात वापरू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या डब्याचा काही भरवसा नाही. माझा सल्ला, चपडा लाख (शेलॅक). अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम, रात्रभर ठेवा, गाळा, फडक्यानं पातळ तीन हात द्या आणि आठवडाभर हवेत राहू द्या. काम गॅसपासून लांब करा, स्पिरिट लगेच पेट घेतं. काळाच रंग पाहिजे असंही नाही, टी फक्त काळ्या रंगात यायची ती १९१४ ते १९२५ मध्ये, सुरुवातीच्या गाड्या लाल, हिरव्या, निळ्या पण होत्या.

रंगापेक्षा मला भीती हेडलाइटची वाटते. तीन वर्षांखालच्या पोरांसाठी ३१.७ एमएम व्यासाच्या नळीत मावेल असा सुटा तुकडा नकोच, तो घशात अडकतो. दिवे, स्टिअरिंग वेगळे चिकटवू नका, बॉडीतच कोरून काढा. काड्यांच्या आऱ्यांचं चाकही तिला आत्ता नको, भरीव द्या, आरे वाटतील अशा रेघा कोरा.

प्रश्न: गाडीऐवजी नॅरो गेजचं (अरुंद रुळांच्या रेल्वेचं) इंजिन करायचं आहे, शाळेचा प्रोजेक्ट आहे. (जरीपटका)

उत्तर: मग पहिले मोतीबागचं नॅरो गेज म्युझियम पाहून ये बेटा, खरी इंजिनं तिथंच उभी आहेत, चाकांचे बाजूनं फोटो काढ. रूळ अडीच फुटी, ७६२ एमएम, १:१६ला ते ४७.६ होतं, ४८ धर. इंजिनाची चाकं भरीवच कर आणि बाजूची, चाकं एकमेकांना जोडणारी जोडदांडी दोन्हीकडे एकाच वेळी बसवू नकोस, आधी एक बाजू फिरते का पाहा, मगच दुसरीला भोक पाड.