रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण घेतल्यानं आतडी निकामी होतात का?

तुमचा प्रश्न: लातूरजवळच्या गावात राहणारे ६८ वर्षांचे वडील पाच वर्षं रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण घेतात. आतडी सुस्त पडतील म्हणून ते एकदम बंद करावं का?

एकदम बंद करू नका. आतडी कायमची सुस्त पडतात ही भीती जुन्या, जहाल जुलाबांच्या काळातली. नेहमीच्या मात्रेत तसं होतं याचा भक्कम पुरावा नाही. सोनामुखीनं आतड्याच्या अस्तरावर काळपट झाक येते, दुर्बिणीच्या तपासणीत ती पाहून लोक हबकतात, पण ती निरुपद्रवी असते. बद्धकोष्ठतेवरच्या २०२३च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतही सोनामुखीला जागा आहे. चूर्णाची खोट वेगळीच: चमच्यात औषध किती, हे कुणालाच नीट ठाऊक नसतं.

रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे, हा हट्ट मात्र सोडायला हवा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं ठीकच. मळ मऊ हवा आणि कुंथावं लागू नये. जोराचा जुलाब झाला की मोठं आतडं रिकामं होतं आणि पुन्हा भरायला दोन-तीन दिवस जातात. दुसऱ्या दिवशी काही होत नाही, कारण आत काही नसतंच. माणूस म्हणतो कोठा जड झाला, आणि आणखी एक चमचा घेतो. हे चक्र पाच-पाच वर्षं चालतं ते असं.

डॉक्टरांना विचारून पॉलिइथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे मळ मऊ करणारी, पावडर सुरू करा: १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात, रोज एकदा. दुकानदारानं १३७ ग्रॅमचं मोठं पाकीट दिलं तर परत करा, ते कोलोनोस्कोपीआधी, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीआधी, आतडं धुवायचं असतं. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात. तोवर चूर्ण निम्मं करा, मग दिवसाआड, मग लागलं तरच.

इसबगोल चालतं, पण चमच्यामागे पेलाभर पाणी हवंच. कोरडं गिळलं तर घशात फुगतं. आत घट्ट मळाचा खडा अडकलेला असेल तर ते नको. चार-पाच दिवस काही नाही आणि मग अचानक पातळ गळायला लागलं, तर तो बहुधा खड्याच्या बाजूनं झिरपणारा मळ. त्यावर जुलाब थांबवायची गोळी देणं म्हणजे आगीत तेल.

दात पडल्यावर ज्वारीची भाकरी सुटून ताटात नुसता वरण-भात उरलाय का, तेही बघा. भाकरी वरणात कुस्करून द्या. उन्हाळ्यात शेतातून आलेल्याला जास्त पाणी उपयोगी पडतं, एरवी पुरेसं पिणाऱ्याला दोन तांबे वाढवून फारसा फरक पडत नाही. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंच पाट ठेवा आणि सकाळच्या चहानंतर अर्ध्या तासात बसवा. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा दुखण्यावरच्या ट्रामाडॉलच्या गोळ्या चालू असतील तर दोष त्यांचाही असू शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मॅग्नेशियमचं पांढरं औषध टाळा.

रक्त जाणं, वजन उतरणं किंवा सवय अलीकडेच बदलणं, यांपैकी काही असेल तर तपासणी आधी. पोट फुगलंय, वाराही सरत नाही, उलट्या होतायत, तर कुठलाच जुलाब न देता थेट दवाखाना गाठा.