१५० मिनिटांचं एवढं टेन्शन घेऊ नका

तुम्ही विचारलंय की सरकारी गाइडलाइनमध्ये आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम लिहिलाय, मोबाइल रोज १० हजार पावलं मागतो, नोकरी सांभाळून दोन्ही जमत नाही, मग जे थोडंफार होतं ते वाया जातं का. अजिबात नाही.

आधी ते १० हजार डोक्यातून काढा. तो आकडा कुठल्या आरोग्य खात्याने काढलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं त्याच्या मार्केटिंगमधून आलाय आणि तेव्हापासून चिकटलाय तो चिकटलाच.

१५० चं मात्र तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार हालचाल सांगितली, दोन्ही मिक्स केलं तरी चालतं, आणि बऱ्याच देशांचे सरकारी आकडे याच्याच जवळपास असतात. आता मध्यम म्हणजे किती, तर चालताना शेजारच्याशी बोलता येतंय पण गाणं म्हणायला दम पुरत नाही, एवढं. त्यासाठी महागाचा बँड लागत नाही.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांपर्यंत पोचलेलीच नाही. पूर्वी सलग १० मिनिटं झाली तरच ती धरायची अशी अट होती, ती अमेरिकेने २०१८ ला आणि संघटनेने २०२० ला काढून टाकली. म्हणजे दोन मजले जिना चढलात, बस पकडायला भराभर चाललात, सगळं जमा. शिवाय जो काहीच करत नाही त्याने थोडं सुरू केलं की सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो, पुढे वाढवत गेलात की फायदा होतोच पण त्या वेगाने नाही. लंडनच्या डबलडेकर बसवरचा १९५३ चा अभ्यास प्रसिद्ध आहे, दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकाराचा त्रास कमी होता. जिमला कोण जात होतं तेव्हा!



खरं तर तुम्ही मिनिटांची काळजी करताय आणि गाइडलाइनचा दुसरा अर्धा भाग सोडून देताय. आठवड्यातून निदान २ दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम त्यातच लिहिलाय, आणि नुसत्या चालण्याने तो भरून निघत नाही. साध्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, दहा वेळा करून बघा, मांड्या बोलायला लागतील. मग भिंतीला हात लावून पुशअप. छातीत दुखणं, चक्कर असलं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

घरात ६५ च्या पुढचं कोणी असेल तर त्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल सांभाळायचे व्यायामही सांगितलेत, ओट्याला धरून एका पायावर उभं राहण्यापासून सुरुवात करू द्या, आणि सुरुवातीला हात सोडायची घाई नको, कोणीतरी शेजारी उभं रहा.