पहिली कॉन्टिनेंटल घेण्याआधी

1964 ची लिंकन कॉन्टिनेंटल कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर उघडणारी गाडी, लिलावात आली म्हणून तुझा जीव वर-खाली होतोय, ते मला कळतं. उलटी उघडणारी ती मागची दारं पाहून माझंही असंच झालं होतं. घे जरूर, पण बोली लावण्याआधी गाडीखाली शिर.

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. म्हणून गंज इथे जिवावरचा. दारांखालच्या पट्टीवर मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरव. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते. पायाखालचा गालिचा उचलून बघ. कुबट वास आला तर पाणी मुरतंय.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- छप्पर न चालवता घेतात. ते विजेच्या मोटर, रिले (वीज चालू-बंद करणारे स्विच) आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक पंपावर चालतं. समोर दोनदा उघड-बंद करून घे. "एक रिलेच गेलाय" यावर भुलू नकोस.
- गरम इंजिन बघतात. आधी बॉनेटवर हात ठेव. सात लिटरचं व्ही-८ थंड असतानाच सुरू झालेलं बघायचं.
- लिलावात हातोडा पडतो ती बोली हीच पूर्ण किंमत समजतात. वर खरेदीदाराचं कमिशन, बऱ्याचदा 10 टक्के, शिवाय कर आणि वाहतूक.

टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळव. कार्ब्युरेटर, मूळ रंगाचे कोड वगैरे नंतर शिकशील.

पाहणीला जाताना विजेरी ने आणि मळले तरी चालतील असे कपडे घाल.