वाचकांचे प्रश्न : सर्वधर्मीय मंडळीकडून कशाची आशा धरावी?

प्रश्न : आंतरधर्मीय अभ्यासक्रम पूर्ण करून मला नुकतीच मिनिस्टर, म्हणजे धर्मसेवक म्हणून दीक्षा मिळाली आहे आणि एका लहान सर्वधर्मीय मंडळीने माझी नेमणूक केली आहे. सभासदांत हिंदू, ख्रिस्ती, ज्यू, मुसलमान व बौद्ध आहेत, तसेच कोणत्याही धर्माचे नाव न लावणारेही आहेत. पहिल्या भाषणात मला तीन आशा मांडायच्या आहेत : सर्वांची मिळून एक प्रार्थना असावी, एकमेकांच्या ग्रंथांत आम्हांला समान सत्य सापडावे आणि काही वर्षांनी कोण कुठल्या धर्मातून आले हेच आम्ही विसरून जावे. या आशा अवाजवी आहेत का?

उत्तर : आपल्या तीन आशांपैकी मधली ठेवावी, पहिली पुढे ढकलावी आणि तिसरी सोडून द्यावी, असे माझे मत आहे.

तिसरीपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत आकर्षक आहे. अशा मंडळीत दोन प्रकारची माणसे येतात. काही जण स्वतःच्या धर्मात दुखावले गेलेले असतात आणि त्यांना विसरायचेच असते. काही जण मात्र आपला धर्म शाबूत ठेवून, इतरांच्या सहवासाच्या ओढीने येतात. विसरण्याचे ध्येय ठरवले की पहिल्यांना घर मिळते आणि दुसरे हळूहळू यायचे थांबतात. शिवाय विसरून जे उरते ते तटस्थ क्वचितच असते. रविवारी सकाळची सभा, गीत, प्रवचन, मग दानाची थाळी, हा क्रम पुष्कळ सर्वधर्मीय मंडळ्यांत सहज रूढ होतो. येशूचे नाव न घेताही तो प्रॉटेस्टंट चर्चचाच साचा असतो. मुसलमान सभासदाचा शुक्रवार आणि ज्यू सभासदाचा शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणारा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, त्यात कुठेच बसत नाही, आणि हे बहुसंख्यांच्या लक्षातही येत नाही.

एका प्रार्थनेविषयी बोलायचे तर २७ ऑक्टोबर १९८६ रोजी इटलीतील असिसी येथे काय घडले ते पाहावे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या धर्मप्रतिनिधींना शांततेसाठी बोलावले होते. दिवसा प्रत्येक धर्माच्या लोकांनी गावातील वेगवेगळ्या ठिकाणी आपापल्या पद्धतीने प्रार्थना केली. नंतर सर्व जण संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकासमोर, म्हणजे मोठ्या चर्चसमोर, जमले आणि तेथे एकेका परंपरेची प्रार्थना होत असताना बाकीचे ऐकत राहिले. एकत्र येऊन प्रार्थना करणे वेगळे आणि एकच प्रार्थना म्हणणे वेगळे, हा फरक त्या दिवशी कटाक्षाने पाळला गेला. काहींना तो भित्रेपणा वाटला. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो, कारण ज्याच्यावर आपला विश्वास नाही ते शब्द कोणालाही उच्चारावे लागले नाहीत. अबू धाबीत २०२३ मध्ये खुल्या झालेल्या वास्तुसंकुलातही मशीद, चर्च आणि सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) अशा तीन स्वतंत्र वास्तू आहेत. सामाईक आहे ती त्यांच्यामधली मोकळी जागा.

म्हणून माझी सूचना अशी की, दर सभेत एकाच परंपरेची उपासना तिच्याच भाषेत आणि तिच्याच सभासदाकडून पूर्ण होऊ द्यावी, नंतर काही वेळ मौन असावे आणि मग बोलणे व्हावे. दुसऱ्याची प्रार्थना मिनिस्टरने आपल्या गोड आवाजात वाचून दाखवण्याचा मोह आवरावा. काही गोष्टी तर वाटून घेता येण्यासारख्या नसतातच : ज्यू परंपरेत कद्दिश, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थही म्हटली जाणारी ईशस्तुती, म्हणण्यासाठी दहा प्रौढ ज्यूंचा मिन्यान, म्हणजे गट, लागतो, आणि कॅथलिक मिस्सामधील, म्हणजे मुख्य उपासनेतील, पवित्र भाकर सर्वसाधारणपणे कॅथलिकांनाच दिली जाते. अशा नियमांना संकुचितपणा म्हणण्यापूर्वी ते पाळणाऱ्या सभासदाला त्यांचा अर्थ विचारावा.

आणि कोणी आक्षेप घेतला तर? एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीतील प्रार्थनासभेत कुराणातील आयतींना विरोध झाला, तेव्हा गांधीजींनी आक्षेप घेणाऱ्याला बहुमताच्या जोरावर गप्प बसवले नाही आणि त्याच्या समाधानासाठी आयतीही वगळल्या नाहीत. त्यांनी प्रार्थनाच थांबवली. हे रोज करता येणार नाही हे खरे. तरीही एकट्याचा विरोध आणि एका धर्माचा मान या दोहोंना सारखेच वजन देणारा मिनिस्टर मंडळीला लाभला, तर तिचे पुष्कळ वाद तेथेच मिटतील.

आता मधली आशा. समान सत्य शोधावे, पण ते नेमके कुठे शोधायचे हे आधी ठरवावे. १९९३ साली शिकागो येथील विश्वधर्म परिषदेत जागतिक नीतीचा जो जाहीरनामा मांडला गेला, त्याचा मसुदा मुख्यतः कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ हान्स क्युंग यांनी तयार केला होता. त्यात हिंसा, चोरी, असत्य आणि लैंगिक अनाचार यांविषयीच्या वचनबद्धतेवर एकमत शोधले होते; बौद्धांचा विचार करून ईश्वराचा उल्लेख मात्र टाळला होता. आचरणात जमीन सामाईक सापडते, तत्त्वज्ञानात ती फार लवकर संपते. आत्मा आणि बौद्धांचे अनात्म (आत्मा नाही हे मत), ईश्वराचा अवतार आणि इस्लामचा तौहीद (ईश्वराचे निखळ एकत्व) यांना एकाच सत्याची दोन नावे म्हटले की दोन्ही बाजूंचे जाणते लोक मनातून खट्टू होतात, जरी सौजन्याने तसे बोलत नसले तरी. ग्रंथवाचनाच्या वेळी साम्याइतकाच वेळ भेदालाही द्यावा; तो वेळच बहुधा अधिक रंगतो.

आपल्या यादीत नसलेली एक आशा मी सुचवतो : आजारपणात आणि मृत्यूच्या वेळी सभासदांना आपली गरज वाटावी. त्यासाठी आतापासूनच एक नोंदवही ठेवावी आणि प्रत्येकाला एकांतात विचारून लिहून घ्यावे की, प्रसंग आल्यास कोणाला बोलवायचे, देहाला स्नान कोणी घालायचे, दफन की दहन, आणि कोणते शब्द मुळीच म्हणायचे नाहीत. इस्लाम आणि यहुदी धर्मात दफन शक्य तितक्या लवकर व्हावे असा दंडक आहे, त्यामुळे ही विचारपूस शोकाकुल कुटुंबाकडे त्या क्षणी करायला सवड नसते. रुग्णालयातील धर्मसेवेचे प्रशिक्षण घेतले नसेल तर तेही घ्यावे. अमेरिकेत अशा प्रशिक्षणाचा एक टप्पा किमान ४०० तासांचा असतो आणि त्याचा मोठा भाग प्रत्यक्ष रुग्णांच्या सहवासात जातो.

विठ्ठल रामजी शिंदे यांचे उदाहरणही आपल्याला उपयोगी पडावे. युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाच्या शिष्यवृत्तीवर १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माचा अभ्यास करून ते परतले आणि मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. आशा त्यांच्याही मोठ्या होत्या. परंतु आज त्यांचे नाव मुख्यतः ज्यासाठी घेतले जाते ते काम उपासनामंदिराबाहेरचे होते : १९०६ साली स्थापन केलेली निराश्रित साहाय्यकारी मंडळी आणि अस्पृश्यतेविरुद्धचा लढा.

प्रश्न : सर्वधर्मीय मंडळी म्हणजे सगळ्या धर्मांची खिचडी नव्हे काय? तिच्यात ना धड श्रद्धा, ना धड शिस्त.

उत्तर : श्रद्धेची अट नसली म्हणजे शिस्तही नसते, असे नाही. अमेरिकेत १९६१ साली दोन उदारमतवादी पंथांच्या एकीकरणातून युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट संघटना उभी राहिली. तेथे समान श्रद्धावचनाऐवजी परस्परांना दिलेला करार हा एकत्र राहण्याचा आधार मानला जातो. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेत तर बहुधा कामकाजाचे निर्णयही मतदानाशिवाय, सभेचा कौल ओळखून घेतले जातात, आणि त्याला जो संयम लागतो तो भल्याभल्यांच्या अंगी नसतो. आपल्या आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच की, असा करार लिहिलेला नसला की मंडळी मिनिस्टरच्या व्यक्तिमत्त्वावर चालते आणि तो गेला की विखुरते.

प्रश्न : आमच्या मंडळीतील एक गृहस्थ आपलाच धर्म तेवढा खरा मानतात आणि तसे बोलूनही दाखवतात. त्यांना सभासद राहू द्यावे का?

उत्तर : जरूर राहू द्यावे. अट वर्तनाची असावी, मताची नसावी. आपली पाळी येईल तेव्हा त्यांनी आपला विश्वास ठामपणे मांडावा, आणि इतरांच्या पाळीला न उठता ऐकावे. आजारी सभासदाच्या खाटेजवळ किंवा कोणाच्या मुलांशी एकट्याने बोलताना धर्मप्रचार केला तर मात्र एकदा स्पष्ट समज द्यावी, आणि पुन्हा तसेच घडले तर भेटीगाठींच्या कामातून त्यांना वगळावे. पुढच्या महिन्याची उपासना त्यांच्याकडे सोपवली नसेल, तर ती आधी सोपवून पाहावी.