1930-40च्या दशकातल्या ॲकॉस्टिक गिटारचा आवाज आजच्या ‘व्हिंटेज’ धाटणीच्या नव्या गिटारमध्ये खरंच मिळतो का, की जुनीच शोधावी?

बराचसा मिळतो. पण तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या आधी सुट्या करू: गिटारची बांधणी आणि गिटारचं वय. जुन्या गिटारचं कौतुक करताना लोक बहुतेक वेळा वयाचं नाव घेतात, आणि त्यांना आवडलेली असते बांधणी.

माझ्या एका मित्राकडे 1940च्या दशकातली, गिब्सन कंपनीची जे-45 गिटार आहे. माझी गिटार त्याच धाटणीची, पण अलीकडे बनलेली. आम्ही दोघं गेली कित्येक वर्षं गिटारी अदलाबदल करून वाजवतो, म्हणून थोडं अधिकाराने लिहिते आहे.

आधी आतून बघा. टॉपची, म्हणजे गिटारच्या समोरच्या बाजूची, फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. तारांचा एकूण ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात. त्या ताणाने फळी फुगू नये म्हणून आतून ‘एक्स’ आकारात लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात, तेच ब्रेसिंग. तारा सैल करून साउंडहोलमधून (टॉपवरच्या गोल भोकातून) हात घातलात, तर चांगल्या जुन्या गिटारमध्ये या पट्ट्यांच्या कडेने बोट फिरवताना मध्येच खोलगट भाग लागतो आणि पुढे पट्टी पुन्हा उंच होते. हे स्कॅलप्ड ब्रेसिंग. तिथलं लाकूड कमी केल्यामुळे फळी मोकळी हलते, खर्ज भरून येतो आणि हलक्या हाताने छेडलं तरी गिटार बोलते.

मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने 1944च्या अखेरीस अशा पट्ट्या कोरणं थांबवलं, कारण जाड तारांखाली टॉप फुगून गिटारी दुरुस्तीला येत होत्या. त्याआधीच, 1938-39च्या सुमारास, ‘एक्स’चा छेद साउंडहोलपासून मागे सरकवला होता. टॉपचं ॲडिरॉन्डॅक स्प्रूस हे लाकूड मिळेनासं झाल्यावर 1940च्या दशकातच त्याच्या जागी सिटका स्प्रूस आला. 1969मध्ये पाठीच्या आणि बाजूंच्या ब्राझिलियन रोझवूडच्या जागी भारतीय रोझवूड आलं. गिब्सनने 1970च्या दशकात एकाऐवजी दोन ‘एक्स’ बसवले आणि गिटार आणखी आखडली. ‘जुन्यांची सर नव्यांना नाही’ ही समजूत त्या काळातली आहे, आणि त्या काळी ती खरीच होती. तेव्हाच्या नव्या गिटारी जास्त मजबूत आणि कमी बोलक्या होत्या.

चक्र उलटं फिरायला सुरुवात झाली 1976मध्ये, मार्टिनने एचडी-28 हे मॉडेल आणून स्कॅलप्ड ब्रेसिंग परत केलं तेव्हा. आज चांगल्या व्हिंटेज धाटणीच्या गिटारमध्ये पुढे सरकवलेला ‘एक्स’, ॲडिरॉन्डॅक टॉप, नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर, इतकंच काय, जनावरांच्या कातड्यापासूनचा गरम सरसही वापरतात. म्हणजे मूळ आराखडा जवळजवळ पूर्ण हाती येतो. माझं मत विचाराल तर आवाजाचा मोठा हिस्सा इथेच ठरतो.

आता वय. वर्षानुवर्षं लाकडातला हेमिसेल्युलोज हा घटक हळूहळू विघटित होतो, लाकूड हलकं होतं आणि हवेतली ओल कमी शोषतं. हेच लवकर घडवून आणण्यासाठी टॉपचं लाकूड ऑक्सिजनशिवाय भट्टीत तापवतात. याला टॉरेफिकेशन म्हणतात. मी वाजवलेल्या अशा गिटारींमध्ये नवेपणाचा ताठरपणा पहिल्या दिवसापासूनच कमी जाणवला. पण मित्राच्या गिटारमध्ये एक कोरडेपणा आहे, तो मात्र मला अजून कुठल्याही नव्या गिटारमध्ये सापडलेला नाही. सूर चटकन उमटतो, त्याच्याभोवती लोंबणारं काही नसतं, आणि पुढच्या सुराला जागा देऊन तो बाजूला होतो. माझ्या गिटारचा सूर जास्त वेळ टिकतो, तरी कॉर्डमधल्या सहा तारा इतक्या वेगवेगळ्या ऐकू येत नाहीत.

मात्र डोळे कानांना फार फसवतात. लॅकरला पडलेल्या बारीक भेगा, झिजलेला नेक (गिटारचा दांडा), साउंडहोलमधून येणारा जुन्या लाकडाचा वास, हे सगळं अनुभवत वाजवलं की आवाज गोडच लागतो. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हायोलिनवादकांना काळे गॉगल लावून नवी आणि स्ट्रॅडिव्हेरियससारखी जुनी वाद्यं वाजवायला दिली, तेव्हा बहुतेकांना आपल्याला आवडलेलं वाद्य जुनं की नवं ते सांगता आलं नाही. 2018मध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी 52 गिटारवादकांना अंधुक उजेडात वाजवायला दिल्या. ब्राझिलियन रोझवूड काही उठून दिसलं नाही. शिवाय एक साधी गोष्ट: त्या काळातही सुमार गिटारी बनल्याच. त्या कुणी जपल्या नाहीत, म्हणून आज आपल्यासमोर येतात त्यांत जपण्याजोग्याच जास्त.

जुनी घ्यायची असेल तर सहाव्या तारेची बाराव्या फ्रेटवरची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवरची) उंची आणि ब्रिजवर सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) किती शिल्लक आहे, हे आधी बघा. तार उंच आणि सॅडल जवळपास संपलेलं असेल, तर नेकचा कोन बिघडला आहे आणि नेक काढून पुन्हा बसवावा लागणार. आत ब्रिजप्लेटला (ब्रिजच्या खालच्या लाकडी पट्टीला) तारांच्या टोकांनी खड्डे पाडलेत का, तेही आरशाने बघा. मार्टिन असेल तर हेही लक्षात ठेवा की त्यांच्या नेकमध्ये फिरवता येणारा ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी धातूची सळई) 1985मध्ये आला. त्याआधीचा नेक वाकला तर किल्लीने सरळ होत नाही.

तुलना करताना दोन्ही गिटारींना एकाच जाडीच्या कोऱ्या तारा लावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तारांतला फरक लाकडाच्या नावावर जमा होतो. मग पाठ करून बसा, दुसऱ्या कुणाला तरी एकच चाल दोन्हींवर वाजवू द्या, आणि नंतर खोलीबाहेर जाऊन ऐका. आम्ही हे केलं तेव्हा दाराबाहेरून मी पाचपैकी दोनदा माझ्याच गिटारला मित्राची म्हटलं. गिटार मांडीवर घेतली की मात्र पहिल्याच कॉर्डला कळतं, कारण जुनीची पाठ छातीशी थरथरते.