बांध, शीव आणि हद्द

‘शेजाऱ्याने शीव कोरली’ असं कथेत लिहिलं तर चालेल का, शीव आणि बांध एकच ना, असा प्रश्न आलाय.

एकच नाहीत. बांध दोन शेतांमधला, शीव दोन गावांमधली. शीव म्हणजे संस्कृत ‘सीमा’च, ग्रामचं गाव, नामचं नाव झालं तसाच इथेही म चा व झाला. मुंबईतलं सायन म्हणजे हीच शीव, मुंबई बेट तिथं संपायचं नि पलीकडे साष्टी बेट. बांधाला विदर्भात धुरा म्हणतात, कोकणात भातखाचरांची मेर.

कोरणे मात्र बांधालाच शोभतं. बांध कुणी एका रात्रीत उखडत नाही. नांगरताना शेवटचं तास बांधाच्या पोटात घालायचं, ढेकळं आपल्या अंगाला पाडायची. पुढच्या साली आणखी वीतभर. काही वर्षांत गाडी जाईल एवढ्या बांधाची पाऊलवाट होते. काही भागांत याला ‘टोकरणे’ म्हणतात, उंदराची आठवण करून देणारा शब्द. (ट्रॅक्टरवाल्यांना एवढा धीर नसतो.)

मिरासदारांचे, म्हणजे वंशपरंपरेने जमीन कसणाऱ्या मालकांचे, असले तंटे पूर्वी गोतापुढे, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे जात. शिवेच्या तंट्यात गावच्या महाराची साक्ष वजनदार, कारण राखणीला फिरून फिरून शीव त्याच्या पायाखालची झालेली. याज्ञवल्क्य स्मृतीत तर शीव दाखवणाऱ्याने तांबडी वस्त्रं नि तांबड्या माळा घालून, डोक्यावर माती घेऊन चालावं असं सांगितलंय. मनुस्मृती त्याही पुढं जाऊन कोंडा, कोळसा, राख, खापऱ्या अशा लवकर न कुजणाऱ्या वस्तू शिवेवर पुरून ठेवायला सांगते. वरची खूण कुणी हलवलीच, तर खणून बघा!

‘हद्द’ अरबीतून आलेला, कचेरीत रुळलेला शब्द. आज तंटा चिघळला की भूमी अभिलेख खात्याकडे पैसे भरून ‘हद्द कायम’ मोजणी मागतात. इथं ‘कायम’चा अर्थ ‘नेहमीची’ असा घेऊ नका. कायम करणे म्हणजे पक्की ठरवणे. भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, नकाशावरून खुणा दाखवून जातो. त्या खुणांच्या दगडांचं पुढं काय होतं, ते दोन्ही बांधकऱ्यांना ठाऊक.

तेव्हा तुमच्या वाक्यात ‘बांध’च घाला. शीव कोरायची तर अख्ख्या गावाला नांगर धरावा लागेल.